‘डॉक्टरांना कळवणे’ : पंधरा महिन्यांच्या नर्सिंग पदवीची एक केस

मी सांगलीत नर्सिंग कॉलेजात शिकवते. प्रत्येक पोस्टिंगला मुलींकडून एक केस स्टडी लिहून घेते: पेशंटची माहिती, पूर्वेतिहास, तक्रारी, निदान, शुश्रूषा, मूल्यमापन. मुली ती चार रंगांच्या पेनांनी सजवतात आणि निम्म्या जणी एकमेकींची उतरवून काढतात, हे मला ठाऊक आहे आणि मला ठाऊक आहे हे त्यांनाही. या वेळी मीच एक लिहितेय. पेशंट नाही, विद्यार्थिनी आहे, आणि ती माझी धाकटी जाऊ आहे. नाव घालायचं नाही या अटीवर तिने होकार दिला. वर म्हणाली, "ताई, मार्क मात्र खरे लिहा."

केस थोडक्यात अशी. वय 34, राहणार न्यू जर्सी, पुण्यातून मायक्रोबायॉलॉजीत बीएस्सी, एक मुलगी. मे 2024 ते ऑगस्ट 2025 या पंधरा महिन्यांत तिने अमेरिकेत नर्सिंगची पूर्ण पदवी घेतली. पहिल्याच सेमिस्टरला ती एका प्रश्नाने नापास होता होता राहिली. त्या प्रसंगात माझाही हात होता, म्हणून हे लिहायला घेतलं.

कोर्स म्हणजे काय

अमेरिकेत दुसऱ्या एखाद्या विषयाची पदवी असलेल्या माणसाला साधारण 11 ते 18 महिन्यांत नर्सिंगची पदवी देणारे कोर्स आहेत. ‘ॲक्सिलरेटेड बीएसएन’, म्हणजे वेगवान नर्सिंग पदवी, म्हणतात त्यांना. सेंट लुईस विद्यापीठाने 1971 मध्ये पहिला असा कोर्स काढला, आता तर ते गल्लोगल्ली झालेत. तिथल्या चार वर्षांच्या पदवीत पहिली दोन वर्षं भाषा, गणित, मानसशास्त्र, शरीररचना असल्या विषयांत जातात आणि खरं नर्सिंग पुढच्या दोन वर्षांत येतं. आधीची पदवी असेल तर पहिली दोन वर्षं माफ. उरलेल्या दोन वर्षांतल्या उन्हाळ्याच्या आणि नाताळच्या सुट्ट्या काढून टाका, आठवड्याचे तास वाढवा, की झाला कोर्स. नर्सिंग एका पानानेही कमी केलेलं नसतं. कमी होतो तो दोन पेपरांमधला श्वास.

आपल्याकडे ही सोय नाही. बारावीनंतर चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग, किंवा तीन वर्षांचा जीएनएम हा डिप्लोमा आणि त्यावर दोन वर्षांची पोस्ट बेसिक पदवी. तिशीतल्या मायक्रोबायॉलॉजिस्टला आपल्याकडे नर्स व्हायचं असेल तर तिने अठरा वर्षांच्या मुलींशेजारी पहिल्या वर्षात बसायचं, तिची बीएस्सी हिशेबात धरली जात नाही.

पूर्वेतिहास

तिने 2011 मध्ये बीएस्सी केलं, मग एका औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोल लॅबमध्ये तीन वर्षं नोकरी. 2014 ला आमच्या घरात आली. 2015 च्या उन्हाळ्यात सासूबाईंना पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली. मी तेव्हा हॉस्पिटलच्या ड्युट्या करत होते. घरी दिवसभर धाकटीच. दर दोन तासांनी कूस बदलायची हे मी तिला पहिल्या दिवशी शिकवलं, चादरीची घडी अंगाखाली सारून दोघींनी कसं ओढायचं तेही.

एका रात्री मी ड्युटीवरून आले तर ती म्हणाली, "ताई, आईंच्या माकडहाडाच्या वर हाताला गरम लागतंय." मी टॉर्च मारून बघितलं. काही दिसलं नाही. पुस्तकात लिहिलंय त्वचा लाल होते, मी लाली शोधत होते. सासूबाईंचा रंग सावळा, लाली दिसणार कुठून? हात लावला तेव्हा कळलं: तेवढाच रुपयाएवढा भाग गरम आणि जरा टणक. बेडसोअरची सुरुवात. नर्स घरात मी होते, आणि सापडलं तिला.

2016 ला दीर आणि ती अमेरिकेला गेले, तो एच-वनबी या नोकरीच्या व्हिसावर, ती एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर. 2018 ला मुलगी झाली. 2022 च्या जानेवारीत तिने फोनवर सांगितलं की नर्सिंग करायचंय. मी सरळ नको म्हटलं. पाय जातात, कंबर जाते, आणि सणासुदीला तू कधीच घरात नसशील. तिने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी शरीररचनेच्या पुस्तकाची कुठली आवृत्ती घेऊ असं विचारलं.

कागद, पैसा, व्हिसा

एच-फोरवर शिकायला परवानगी असते, नोकरीला नसते. नोकरीसाठी ईएडी हे कामाच्या परवान्याचं कार्ड लागतं, आणि ते 2015 च्या नियमानुसार मुख्यतः नवऱ्याच्या ग्रीन कार्डच्या वाटेतला आय-140 हा अर्ज मंजूर असेल तर मिळतं. दिराचा मंजूर होता, तिचं ईएडी होतं. हे आधी तपासणं फार महत्त्वाचं. नाहीतर पदवी होते, लायसन्स मिळतं आणि माणूस घरी बसतो. मराठी मंडळात तिला अशी एक भेटलीसुद्धा. दुसरं, एच-फोरवाल्यांना तिथलं सरकारी शैक्षणिक कर्ज मिळत नाही, ते नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठी. घराच्या डाउन पेमेंटसाठी साठवलेले पैसे फीमध्ये गेले. दिराने एका शब्दाने कुरकुर केली नाही, हे नोंदवून ठेवते, कारण पुढे मी त्याच्याबद्दलही लिहिणार आहे.

आपल्या पदवीचं तिकडच्या भाषेत रूपांतर करून घ्यावं लागतं. डब्ल्यूईएस नावाची संस्था एकेका विषयाचं मूल्यांकन करून देते. त्यासाठी विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या गुणांचा अधिकृत उतारा, काढायला तिच्या भावाने खेपा घातल्या. तिचे 62 टक्के. आपल्याकडे ‘बरं आहे’ म्हणतात तेवढे, पण मूल्यांकनाच्या कागदावर बहुतेक विषयांपुढे ए आणि बी उमटले. आपल्याकडच्या फर्स्ट क्लासची किंमत सातासमुद्रापार कळते असं म्हणायचं. पेच निराळाच निघाला. आपली बीएस्सी तीन वर्षांची, तिकडची पदवी चार वर्षांची. काही कॉलेजं तीन वर्षांची पदवी बरोबरीची धरतात, काही नाही. तिने चार ठिकाणी अर्ज केले, त्यातल्या एकाने याच मुद्द्यावर पहिल्याच ईमेलमध्ये दार लावलं. अर्जाची फी भरण्याआधी हा एक प्रश्न विचारून घेतला असता तर पैसे वाचले असते.

मग पूर्वअटींचे विषय. ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी एक आणि दोन, मायक्रोबायॉलॉजी, केमिस्ट्री, स्टॅटिस्टिक्स, न्यूट्रिशन, मानवी वाढ आणि विकास. विज्ञानाचे विषय अमुक वर्षांच्या आतले हवेत अशी अट बऱ्याच ठिकाणी असते. तिची मायक्रोबायॉलॉजी 2011 ची, म्हणजे मुदत संपलेली. जिने लॅबमध्ये तीन वर्षं रोज स्लाइड रंगवल्या ती काउंटी कॉलेजच्या संध्याकाळच्या वर्गात पुन्हा ग्रॅम स्टेन, म्हणजे जंतू रंगवून ओळखायची पद्धत, शिकायला बसली. क्रिस्टल व्हायोलेट, आयोडीन, अल्कोहोल, सॅफ्रॅनिन. शेजारचा एकोणीस वर्षांचा मुलगा अल्कोहोल इतका वेळ ओतायचा की जांभळे जंतूही धुऊन निघायचे आणि स्लाइड सगळी गुलाबी व्हायची. हिने त्याला मनात तीन आकडे मोजून थांबायला शिकवलं. सेमिस्टरअखेर तो हिला ‘मॅम’ म्हणायला लागला. तिला आधी अपमान वाटला होता, नंतर म्हणाली, त्या वर्षभरात तेवढा एकच विषय माझ्या पायाखालचा होता.

प्रवेश परीक्षा टीज: 170 प्रश्न, 209 मिनिटं, वाचन, गणित, विज्ञान आणि इंग्रजी. तिला वाटलं गणितात फुकटचे मार्क आहेत. पाउंड, औंस, कप आणि इंचांनी तिला तिथेच आडवं केलं. पहिल्यांदा 74, दोन महिन्यांनी 86.

अर्जासोबत ‘नर्सिंग का?’ असा निबंध. पहिला खर्डा तिने मला पाठवला. सेवा, करुणा, दिवा घेतलेली बाई, सगळं होतं. मी सगळा खोडला आणि लिहिलं, ‘माकडहाडावरचं गरम लिही.’ दुसरा खर्डा एका पानाचा होता, त्यात सासूबाईंची ती रात्र सोडून दुसरं काही नव्हतं. मुलाखतीत त्याच पानावर वीस मिनिटं गेली. चारपैकी दोन नकार, एक वेटिंग लिस्ट, एक प्रवेश.

प्रवेशानंतरचा एक गोंधळ आपल्या लोकांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. क्लिनिकलला, म्हणजे हॉस्पिटलातल्या प्रात्यक्षिकाला, जाण्याआधी टीबीची तपासणी लागते. तिने आरोग्यकेंद्रात जाऊन हातावर त्वचेची चाचणी करून घेतली. आपल्या सगळ्यांच्या दंडावर बीसीजीचा व्रण आहे, आणि बीसीजी घेतलेल्याची ती चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. तिचीही टम्म फुगली. मग छातीचा एक्स-रे, मग क्वांटिफेरॉन ही रक्ताची चाचणी, ती निगेटिव्ह. दहा दिवस आणि बरीच झोप गेली. सुरुवातीलाच रक्ताची चाचणी मागितली असती तर हे टळलं असतं, आणि मला एक फोन केला असता तर मी सांगितलं असतं. हिपॅटायटिस बीचंही तसंच. आमच्या पिढ्यांना लहानपणी ती लस नसायची. तीन डोसांचा जुना क्रम सहा महिने खातो, म्हणून ते काम प्रवेशाचं पत्र येण्याआधीच उरकावं.

पहिला पेपर

मेच्या दुसऱ्या आठवड्यात कोर्स सुरू झाला. हेल्थ असेसमेंट, फंडामेंटल्स, फार्माकॉलॉजी आणि पॅथोफिजिऑलॉजी, सगळं एकाच वेळी. पास व्हायला प्रत्येक विषयात सरासरी 77 हवी. 76.9 चे 77 करत नाहीत, हे वर्गात पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. नापास झालं तर तो विषय पुढच्या बॅचबरोबर, म्हणजे वर्षभर घरी. दोन विषयांत गेलं तर कोर्सच संपला.

तिची अभ्यासाची पद्धत माझीच, कारण मीच सांगितली होती: वाच, नोट्स काढ, पाठ कर, लिहून बघ. या पद्धतीवर मी जीएनएमला कॉलेजात दुसरी आले होते. फंडामेंटल्सच्या पहिल्या पेपरात 50 प्रश्न होते. तिला 68 टक्के पडले.

तिचा फोन माझ्या पहाटे पाचला आला, तिच्याकडे संध्याकाळचे साडेसात. ती कॉलेजच्या पार्किंगमध्ये गाडीत बसली होती. रडत नव्हती. म्हणाली, "ताई, एक प्रश्न सांगते, उत्तर द्या."

प्रश्न साधारण असा. खुब्याचं ऑपरेशन होऊन दोन दिवस झालेला पेशंट. अचानक धाप, छातीत दुखतंय, ऑक्सिजन 86. नर्सने सर्वप्रथम काय करावं? पर्याय: डॉक्टरांना कळवणे. ईसीजी काढणे. पलंगाचं डोकं उंच करून ऑक्सिजन लावणे. दुखण्याचं औषध देणे.

मी चहाचं आधण ठेवता ठेवता म्हटलं, "डॉक्टरांना कळवणे. पल्मनरी एम्बोलिझम वाटतोय, फुप्फुसात गुठळी."

ती म्हणाली, "मीही तेच लिहिलं. चूक आहे."

मला राग आला. तीस वर्षांची नोकरी, आणि मला चूक म्हणतेय. फोन ठेवल्यावर चहा उतू गेला तरी मी तिथेच उभी. मग माझ्या लक्षात आलं की वॉर्डात असा पेशंट मी कितीतरी वेळा बघितलाय, आणि दर वेळी ‘सरांना बोलवा’ असं ओरडत असताना माझा हात पलंगाचा दांडा फिरवत असतो. डोकं वर झालेलं असतं, मास्क लागलेला असतो, आणि मग सर येतात. हात आधी बरोबर उत्तर देतो आणि तोंड दुसरंच सांगतं. हाताने केलेलं आम्ही कधी ‘निर्णय’ म्हणून मोजलेलंच नाही. वॉर्डात मोजलं जातं ते डॉक्टरांना कधी कळवलं, त्याचीच वेळ रिपोर्टमध्ये लिहायची असते. मी तिला तोंडाचं शिकवलं होतं.

तिथल्या परीक्षेत मोजतात ते हाताचं. पेशंटजवळ नर्स आहे, तिच्या अधिकारात आत्ता काय आहे, श्वास आधी की दुसरं काही, आणि एवढं झाल्यावर फोन. चारही पर्याय बहुतेक वेळा बरोबरच असतात. विचारलेला असतो क्रम.

तिने पेपर परत बघायची वेळ मागून घेतली आणि चुकलेले 16 प्रश्न एका वहीत तीन रकान्यांत मांडले. माहीतच नव्हतं: 4. प्रश्न नीट वाचला नाही: 3. माहीत होतं पण क्रम चुकला: 9. तो आकडा बघेपर्यंत तिला वाटत होतं आपल्याला अजून वाचायला हवं. वाचनाने फार तर चार वाचले असते. मग रोज रात्री पाठांतर बंद, त्याऐवजी 40 सराव प्रश्न, आणि प्रत्येक चुकीच्या उत्तरापुढे आपण तो पर्याय का निवडला याचं एक वाक्य. बरोबर उत्तर का बरोबर हे लिहायचंच नाही, ते पुस्तकात असतं. त्या वहीचे फोटो माझ्याकडे आहेत. ‘डॉक्टर म्हटलं की सुरक्षित वाटतं म्हणून’ हे वाक्य पहिल्या आठवड्यात पाच वेळा आहे.

दुसऱ्या पेपरात 74, क्रमाच्या चुका सात. तिसऱ्यात 82, क्रमाच्या चुका दोन. प्रत्येक पेपर वीस टक्क्यांचा, अंतिम चाळीसचा. म्हणजे आतापर्यंतचे 44.8, आणि शंभर प्रश्नांच्या अंतिम पेपरात 81 बरोबर यायलाच हवे. 80 आले असते तर 76.8. तिला 81 आले. 77.2.

माझी मदत आणखी एका जागी नडली. औषधांची नावं मी तिला माझ्या सवयीने सांगायचे. पॅरासिटामॉल तिकडे ॲसिटामिनोफेन, साल्ब्युटामॉल तिकडे अल्ब्युटेरॉल, ॲड्रेनलिन म्हणजे एपिनेफ्रिन, पेथिडिन म्हणजे मेपेरिडिन, ग्लायबेनक्लामाइड म्हणजे ग्लायब्युराइड. औषध एकच, नावं दोन, आणि पेपर घड्याळावर. जूनअखेर तिने मला प्रेमाने सांगितलं की ताई, फार्माकॉलॉजी मी एकटीच करते.

डोस कॅल्क्युलेशनची वेगळी परीक्षा असते, तिथे 90 च्या खाली गेलं की पेशंटला औषध द्यायला हातही लावायचा नाही. गणितं अशी: हेपरिन 25,000 युनिट, 250 मिलीत. ऑर्डर ताशी किलोमागे 18 युनिट. पेशंट 176 पाउंडांचा, पंप ताशी किती मिलीवर लावाल? 80 किलो, 1440 युनिट, मिलीत 100 युनिट, म्हणून 14.4. ही तिला येत होती. तरी पहिल्या वेळी 85. तिने तीन ठिकाणी ‘5 मिली’ऐवजी ‘5.0 मिली’ लिहिलं होतं, लॅबमधली जुनी सवय. दशांशचिन्ह पुसट झालं की 5.0 चे 50 होतात, म्हणून तिथे पूर्णांकापुढे शून्य लिहायला मनाई आहे आणि अर्ध्यासाठी ‘.5’ न लिहिता ‘0.5’ लिहावंच लागतं. हे वाचल्यावर मी माझ्या कॉलेजातल्या जर्नलांचा गठ्ठा काढून बघितला. सगळीकडे 2.0, 5.0, आणि खाली माझी सही.

आईचे सहा महिने

कोर्स पंधरा महिन्यांचा, पण अमेरिकेत पाहुणे म्हणून येणाऱ्या आईवडिलांना एका वेळी बहुधा सहाच महिने राहता येतं. तिची आई मेच्या सुरुवातीला गेली आणि ऑक्टोबरअखेर परत आली. न्यू जर्सीतल्या आपल्या लोकांच्या घरातली बाळंतपणं, पदव्या आणि नोकऱ्या या सहा-सहा महिन्यांच्या पाळ्यांवर चालतात, हे कुठल्याही प्रवेशपत्रिकेत छापलेलं नसतं.

नोव्हेंबरपासून मुलीची शाळा, डबा आणि आजारपण दोघांवर आलं. क्लिनिकलच्या दिवशी ती पावणेपाचला उठायची. आदल्या रात्री इस्त्री केलेले स्क्रब्ज, आयडी, खिशात काळं पेन आणि छोटी टॉर्च, ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांतून आणलेल्या फ्रोझन पोळ्या तव्यावर टाकून मुलीचा डबा, आणि पावणेसातच्या आत वॉर्डात, ओव्हर, म्हणजे आधीच्या पाळीकडून पेशंटची माहिती, घ्यायला. अख्ख्या सेमिस्टरला एकच क्लिनिकल चुकवायची मुभा. ती मुभा दुसऱ्याच आठवड्यात मुलीच्या तापात गेली.

तिसऱ्या आठवड्यात मुलगी पुन्हा तापली. दिराची त्या दिवशी मीटिंग होती. त्याने ठरलेलं वाक्य म्हटलं, "तू एक दिवस सुट्टी घे ना." तिने उत्तर दिलं नाही. फ्रिजवर लावलेलं नियमांचं पान काढून त्याच्या लॅपटॉपवर ठेवलं आणि निघून गेली. शेजारच्या तेलुगू बाईंनी सकाळ सांभाळली, दुपारी दीर घरी आला. त्यानंतर त्याने गुरुवार आणि शुक्रवार कायमचे मागून घेतले, लेखी, बॉसला सांगून. माझ्या मते ही केस वाचली ती इथे. आणि हे ईमेल त्याने मेमध्ये लिहायला हवं होतं, हेही माझं मत, त्यालाही सांगितलंय. तो हसला. लहान दीर आहे, हसणारच.

वॉर्डात

आपल्याकडच्या मुलींना हे ऐकून नवल वाटेल. तिकडच्या विद्यार्थिनीने इन्स्ट्रक्टर शेजारी असल्याशिवाय साधी गोळीही द्यायची नाही. आमच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलींनी इंट्राकॅथ, म्हणजे सलाइनची शिरेतली नळी, लावून लावून हात बसवलेला असतो. उलट आपल्याकडे स्पंजिंग, भरवणं, बेडपॅन हे नातेवाईक नाहीतर मावशी करतात आणि नर्स फाइल भरते. तिकडे पेशंटपाशी नातेवाईक नसतोच बहुतेक वेळा. पहिले कित्येक दिवस तिच्या वाट्याला अंघोळी आल्या. तिच्या वर्गातली काही मुलं वैतागली, पदवीवाल्यांना हे काय काम म्हणून. तिला ते काम येत होतं.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी तिच्याकडे ऐंशीच्या पुढचे एक कृष्णवर्णी आजोबा होते. ओव्हरमध्ये सांगितलं होतं, त्वचा ठीक. मनगटपट्टीवरून नाव आणि जन्मतारीख विचारून पडताळली, पाण्याची उष्णता बघितली, पाठ पुसायला कुशीवर घेतलं. डोळ्यांना काही दिसलं नाही. तिने हातमोज्यातल्या हाताची पाठ माकडहाडाच्या वर टेकवली. गरम. बाजूच्या त्वचेशी ताडून बघितलं, जरा टणकही. इन्स्ट्रक्टरला बोलावलं. टाचा उशीवर अधांतरी ठेवल्या, फोमचं ड्रेसिंग लावलं, दोन तासांनी कूस बदलण्याचा तक्ता दाराला लागला. इन्स्ट्रक्टरने विचारलं, हे कुठे शिकलीस? तिने सांगितलं, सासूकडे.

जानेवारीपासून मेडिकल-सर्जिकलचा दुसरा भाग, प्रसूती आणि बालरुग्ण. उन्हाळ्यात कम्युनिटी, लीडरशिप आणि एका नर्सच्या पाठी बारा-बारा तासांच्या पाळ्या. यात सांगण्यासारखं फारसं नाही, फक्त दमणं होतं. फेब्रुवारीत तिचे केस गळायला लागले, एप्रिलमध्ये थांबले. मार्क 83 ते 88 मध्ये राहिले. बॅचमधून चार जण गळाले, चौघेही पहिल्या दोन सेमिस्टरांत, आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे त्यातले दोघे तिच्यापेक्षा हुशार होते.

लायसन्स

पदवीनंतर एनक्लेक्स, नर्सच्या लायसन्सची परीक्षा. एप्रिल 2023 पासून तिचं रूप बदललंय. आता काही ठिकाणी एकाच पेशंटची फाइल उलगडत जाते: नर्सच्या नोंदी, नाडी-बीपीसारखे व्हायटल्स, रिपोर्ट, आणि त्यावर ओळीने सहा प्रश्न. काय खटकलं, त्याचा अर्थ काय, आधी कशाकडे बघाल, काय करता येईल, काय कराल, आणि केल्याचा गुण आला की नाही. संगणक उत्तरांप्रमाणे प्रश्न सोपे-अवघड करत जातो. कमीत कमी 85, जास्तीत जास्त 150, वेळ पाच तास. पासच्या रेषेच्या कुठल्या बाजूला आहात याची पुरेशी खात्री झाली की स्क्रीन बंद.

तिची स्क्रीन 85 व्या प्रश्नानंतर बंद झाली. बाहेर येऊन तिने फोन केला आणि सांगितलं की नक्की नापास. ज्यांची 85 ला बंद होते ते सगळे असंच सांगतात म्हणे. ती पास झाली.

मी यंदा तिसऱ्या वर्षाच्या वर्गात तोच खुब्याचा प्रश्न फळ्यावर लिहिला. चाळीस मुलींनी एका सुरात सांगितलं, "डॉक्टरांना कळवणे." मी डेमो रूममधल्या पलंगापाशी जाऊन दोघींना पुढे बोलावलं, एक पेशंट, एक नर्स, आणि म्हटलं, बोलू नका, करून दाखवा. नर्स झालेल्या मुलीने आधी दांडा फिरवला. मग वर्गाकडे बघितलं. मी फळ्यावरचे पर्याय पुन्हा वाचायला सांगितले. थोडी कुजबुज झाली. मागच्या बाकावरून एकीने विचारलं, "मॅडम, मग युनिव्हर्सिटीच्या पेपरात काय लिहायचं?" याचं उत्तर मला त्या दिवशी देता आलं नाही. दोन्ही लिहा, आधी हाताचं, असं सांगून सोडलं.

धाकटी आता एका हॉस्पिटलच्या टेलिमेट्री वॉर्डात, जिथे पेशंटच्या हृदयाच्या ठोक्यांवर सतत नजर असते, नव्या नर्सेसच्या रेसिडेन्सीत, म्हणजे सुरुवातीच्या प्रशिक्षणात, आहे. रात्रपाळी. तिचा फोन आता पहाटे येत नाही, संध्याकाळी सहाला येतो, तिकडे हिवाळ्यात सकाळचे साडेसात, गाडीत बसल्या बसल्या. परवा म्हणाली, पाय फार दुखतात. मी म्हटलं, कॉम्प्रेशनचे मोजे घाल. म्हणाली, "घातलेच आहेत, ताई. तुम्ही घालता का?"